हिवताप, सिकलसेल आणि नैसर्गिक निवड : आधुनिक मानवाची उत्क्रांती थांबली आहे काय?

प्रास्ताविक

चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. मानव हाही इतर सजीवांप्रमाणे उत्क्रांत झालेला प्राणी आहे, हे त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत जीवशास्त्राने भक्कम पुराव्यानिशी सिद्ध केले. तथापि 'ही प्रक्रिया आजही चालू आहे काय?' असे विचारले असता सुशिक्षित वर्गात बहुधा एक ठरावीक उत्तर मिळते. पूर्वी दुर्बल मरत असत आणि सबल जगत असत, आता लसी आहेत, प्रतिजैविके आहेत, शस्त्रक्रिया आहेत, सर्वच जगतात, म्हणून निवड संपली आणि तिच्याबरोबर उत्क्रांतीही संपली, असा तो युक्तिवाद असतो. हे मत केवळ सामान्यांचे नाही. लंडन येथील आनुवंशिकीतज्ज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी २००८ मध्ये याच आशयाची मांडणी केली होती, आणि २०१३ मध्ये डेव्हिड अॅटनबरो यांनीही जन्मलेली बहुतेक मुले जगवण्याची क्षमता आल्यावर मानवाने नैसर्गिक निवड थांबवली, असे मत व्यक्त केले होते. आमच्या प्राध्यापक कक्षात हेच मत थोड्या वेगळ्या, अधिक कडवट स्वरात ऐकू येते. 'जे जगायला नको तेही जगतात, पुढची पिढी कमकुवत होणारच,' असे एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र वेगळे आहे. प्राणिशास्त्राच्या तासाला मी सिकलसेल व हिवताप यांचा संबंध शिकवत होते. हे उदाहरण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे व ते बहुधा आफ्रिकेचे म्हणून शिकवले जाते. तास संपल्यावर दक्षिण गडचिरोलीतून आलेली एक विद्यार्थिनी थांबली. तिने दप्तरातून आरोग्य तपासणीचे कार्ड काढले. ती सिकलसेलची वाहक होती. तिने विचारले, "मॅडम, आमच्याकडचा हिवताप गेला, तर हे कार्डपण आपोआप जाईल का? किती वर्षांत?" पदवी वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधुनिक मानवात नैसर्गिक निवड चालू आहे काय, हा मोठा प्रश्न आधी नीट मांडावा लागतो.

निवड म्हणजे नेमके काय?

'बळी तो कान पिळी' हे नैसर्गिक निवडीचे मराठी भाषांतर नव्हे, जरी अनेक उत्तरपत्रिकांत ते तसेच लिहिलेले आढळते. नैसर्गिक निवड होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात. एखाद्या लोकसमूहातील व्यक्तींमध्ये फरक असला पाहिजे. तो फरक काही अंशी तरी आनुवंशिक असला पाहिजे. आणि त्या फरकामुळे पुढील पिढीत जाणाऱ्या अपत्यांच्या संख्येत फरक पडला पाहिजे. या तीन अटी जेथे पूर्ण होतात तेथे निवड होते; तिला जंगल लागत नाही की वाघ लागत नाही. सबलता, बुद्धी, प्रगती, श्रेष्ठता या शब्दांना त्या व्याख्येत स्थान नाही. वीस मुलांचा बाप असलेला आजारी मनुष्य हा निवडीच्या हिशोबात निपुत्रिक पहिलवानापेक्षा पुढे असतो.

याचा एक परिणाम असा की प्रत्येक मृत्यू म्हणजे निवड नव्हे. नुकत्याच होऊन गेलेल्या महासाथीचे उदाहरण घेता येईल. ह्युगो झेबर्ग व स्वांते पाबो यांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुकखंड कोविड-१९ तीव्र होण्याचा धोका वाढवतो. हा खंड आपल्याकडे निअँडरथल मानवाकडून आलेला आहे, आणि दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत त्याची किमान एक प्रत आढळते. हे वाचून अनेकांना वाटले की ही साथ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर घडलेली निवडच. परंतु कोविडने मृत्यू पावलेल्यांत बहुसंख्य व्यक्ती अपत्ये होण्याचे वय ओलांडलेल्या होत्या. त्यांचे जनुक त्यांच्या मुलांकडे आधीच पोहोचलेले होते. साथ भयंकर होती, परंतु त्या जनुकखंडावर तिने टाकलेला निवडीचा दाब अल्पच असणार. याउलट पाच वर्षांखालील मुलांना मारणारा हिवताप हा निवडीचा अत्यंत प्रभावी कारक ठरतो, कारण तो मुलांना वंश पुढे नेण्यापूर्वीच गाठतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक जनुकीय बदल हाही निवडीचा परिणाम नसतो. लहान समूहात, विशेषतः जेथे विवाह समूहाच्या आतच होतात तेथे, योगायोगानेही जनुकांचे प्रमाण वर-खाली होते. यास आनुवंशिक विचलन असे म्हणतात. भारतीय समाजात याचे महत्त्व फार आहे. हैदराबाद येथील सी.सी.एम.बी. व परदेशी संशोधक यांच्या २०१३ मधील संयुक्त अभ्यासानुसार भारतातील विविध समूहांचे परस्परांत मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात होत होते व त्यानंतर अंतर्विवाहाची पद्धत दृढ झाली. अनेक जातींत आज आढळणारे विशिष्ट आनुवंशिक विकार हे या बंदिस्तपणाचे, म्हणजे आपणच आखलेल्या रेषांचे फलित आहे. त्याचे खापर निवडीवर फोडता येत नाही.

चालू असलेल्या निवडीचे पुरावे

मानव शेती करू लागल्यानंतरच्या दहा हजार वर्षांत निवड थांबली नाही, उलट तिला नवी कामे मिळाली, याचे सर्वपरिचित उदाहरण दुधाचे आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत दुधातील शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होते. पशुपालन करणाऱ्या काही समाजांत मात्र ते प्रौढपणीही टिकवणारी उत्परिवर्तने पसरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीयांमध्ये आढळणारे प्रमुख उत्परिवर्तन हे युरोपातील उत्परिवर्तनच असल्याचे दिसून आले. भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसे त्याचे प्रमाण घटत जाते. दूध पचत नाही म्हणणाऱ्या माणसाला आपण 'पोट नाजूक आहे' असे म्हणतो. वस्तुतः मानवाची मूळ स्थिती तीच आहे.

यावर आक्षेप येतो की ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आजचे काय? त्यासाठी तिबेटी लोकसमूहाचे उदाहरण अधिक बोलके आहे. चार हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर हवेतील प्राणवायू विरळ असतो. सपाटीवरचा मनुष्य तेथे गेला की त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन वाढते, रक्त दाट होते व हृदयावर ताण येतो. तिबेटी लोकांत असे होत नाही. याच्याशी निगडित 'ईपीएएस-१' या जनुकावरील निवडीचे पुरावे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा हा विशिष्ट प्रकार डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. येथपर्यंतचा भाग भूतकाळाचा होता. परंतु सिंथिया बील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये नेपाळच्या उत्तरेकडील उंच प्रदेशात राहणाऱ्या, प्रजननवय संपलेल्या ४१७ तिबेटी वंशाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांना शून्यापासून चौदापर्यंत, सरासरी ५.२ जिवंत अपत्ये झाली होती. ज्यांचे हिमोग्लोबिन त्या समूहाच्या सरासरीजवळ होते, फार कमीही नव्हते आणि फार अधिकही नव्हते, आणि ज्यांच्या रक्तात प्राणवायूचे संपृक्तीकरण अधिक होते, त्या स्त्रियांना अधिक जिवंत अपत्ये झालेली आढळली. विवाहाचे वय व वैवाहिक आयुष्याचा कालावधी यांचाही अपत्यसंख्येवर मोठा परिणाम होता, हे या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. शरीरक्रियेतील फरक, त्याची आनुवंशिकता व अपत्यसंख्येतील फरक ही साखळी आज हयात असलेल्या स्त्रियांमध्ये दिसते; त्यामुळे 'निवड संपली' असे सरसकट म्हणणे येथेच अवघड होते.

हिवताप आणि सिकलसेल : हिशोब

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने सिकल हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी झाला की या हिमोग्लोबिनमुळे तांबड्या रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होतो. दोन्ही पालकांकडून हा जनुक आलेली व्यक्ती (एसएस) रुग्ण असते. तीव्र वेदना, रक्तक्षय, जंतुसंसर्ग यांनी तिचे आयुष्य ग्रासलेले असते. एकाच पालकाकडून तो आलेली व्यक्ती (एएस) वाहक असते व ती सर्वसाधारणपणे निरोगी असते. रुग्णांना मारणारा हा जनुक टिकून कसा राहिला, हे कोडे होते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास थॅलेसिमियाबाबत हिवतापापासूनच्या संरक्षणाची कल्पना मांडली. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.) अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले की सिकलसेलचे वाहक फाल्सिपॅरम हिवतापापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात.

भारतात सिकल जनुकाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरी जमातींत झाली, आणि १९५८ मध्ये मध्य भारतातील वाहकांविषयीचा शुक्ला व सोलंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदियापासून अमरावतीच्या मेळघाटापर्यंत आणि पश्चिमेकडे नंदुरबार-धुळ्यापर्यंत हा पट्टा पसरलेला आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असल्याचे विविध सर्वेक्षणांत आढळले आहे. हा केवळ आदिवासींचा आजार आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. विदर्भातील इतर अनेक समाजांतही तो आहे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकत असल्याने आजार तुलनेने सौम्य असतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. नागपूर परिसरातील रुग्णालयांचा अनुभव त्यास सर्वस्वी दुजोरा देत नाही.

या पट्ट्याचा नकाशा आणि हिवतापाच्या जंगलपट्ट्याचा नकाशा एकमेकांवर ठेवल्यास ते बऱ्याच अंशी जुळतात. त्यामागील निवडीचा हिशोब साध्या अंकगणिताने करता येतो. समजा एखाद्या समूहात सिकल जनुकाचे प्रमाण १० टक्के आहे. तर हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार दर हजार नवजात बालकांत ८१० एए, १८० एएस आणि १० एसएस असतील. पूर्वीच्या परिस्थितीत ही दहाही बालके वंश पुढे न नेता जात असत असे धरू. तरीही हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या १० टक्क्यांवर स्थिर राहायचे असेल, तर एए बालकांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे ९० बालके, वाहकांच्या तुलनेत अधिक दगावली पाहिजेत. एका सिकलसेलग्रस्त मुलामागे हिवतापाने गेलेली नऊ 'निरोगी' मुले, असा हा समतोल आहे. वर्गात फळ्यावर हे गणित मांडताना आपण त्याला 'संतुलित बहुरूपता' असे म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या संतुलनाच्या दोन्ही पारड्यांत लहान मुलांचे मृत्यू आहेत, हे सांगायचे राहून जाते.

आता हिवताप वजा करू. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज आहे. डी.डी.टी.च्या फवारणीनंतर १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. २०१५ मध्ये ११.६९ लाख आणि २०२३ मध्ये २.२७ लाख रुग्णांची नोंद झाली. गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा राहिला आहे, परंतु तेथेही जंतुनाशकभारित मच्छरदाण्या, जलद निदान चाचणी व वेळेवर औषध यांमुळे हिवतापाने मुले दगावण्याचे प्रमाण पूर्वीसारखे राहिलेले नाही. म्हणजे वाहकांना मिळणारा फायदा नाहीसा होत चालला आहे आणि रुग्णांचे नुकसान मात्र तसेच आहे. अशा स्थितीत निवड सिकल जनुकाच्या विरुद्ध काम करू लागते. निवड थांबलेली नाही, तिची दिशा पालटलेली आहे.

ती किती वेगाने काम करील? एसएस व्यक्तींना अपत्ये होतच नाहीत, अशी सर्वांत कठोर स्थिती गृहीत धरली, तरी १० टक्क्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर येण्यास दहा पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरल्यास अडीचशे वर्षे. ते अडीच टक्क्यांवर येण्यास तीस पिढ्या, म्हणजे साडेसातशे वर्षे. याचे कारण असे की जनुक जसजसा विरळ होतो तसतसा तो निरोगी वाहकांमध्ये दडून राहतो आणि निवडीला तो दिसतच नाही. एसएस व्यक्तींना सरासरीच्या निम्मी अपत्ये होतात असे धरले, तर तोच कालावधी साधारण दुप्पट होतो. अमेरिकेत गुलामगिरीतून नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांत सिकल जनुकाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेपेक्षा कमी आढळते. त्यात मिश्रविवाहाचा वाटा मोठा आहे, तरी दिशा हीच आहे.

मृत्यूकडून जन्माकडे

हिवतापासारखे बालमृत्यूचे कारक मागे हटल्यावर निवडीला वाव कोठे उरतो? हे मोजण्याची एक पद्धत जेम्स क्रो यांनी १९५८ मध्ये दिली. त्यांनी निवडीच्या एकूण संधीचे दोन भाग केले : प्रजननवयापूर्वीच्या मृत्यूमुळे मिळणारी संधी व अपत्यसंख्येतील तफावतीमुळे मिळणारी संधी. हजारापैकी ३०० बालके प्रौढ होण्यापूर्वी दगावत असतील, तर मृत्यूचा घटक ०.४३ येतो, ३० दगावत असतील तर तो ०.०३ वर येतो. भारताचा अर्भकमृत्यू दर १९५० च्या दशकाच्या आरंभी हजारी दीडशेच्या घरात होता. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये तो २८ व महाराष्ट्रात १६ होता. तेव्हा पहिला घटक झपाट्याने आकसला, यात शंका नाही. जोन्स आणि अॅटनबरो यांचे म्हणणे या अर्ध्यापुरते बरोबर आहे.

दुसऱ्या घटकाचे तसे नाही. तो अपत्यसंख्येचे प्रचरण भागिले सरासरीचा वर्ग असा काढतात. सरासरी पाच व प्रचरणही पाच असेल तर हा घटक ०.२ येतो, सरासरी दोन व प्रचरणही दोन असेल तर तो ०.५ होतो. म्हणजे कुटुंबे लहान झाली, परंतु काहींना एकही मूल नाही व काहींना चार अशी तफावत राहिली, तर निवडीची संधी वाढूही शकते. याउलट बहुतेक सर्व जोडपी दोनवरच थांबू लागली तर प्रचरणच घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. आपल्याकडे 'दोन पुरेत' ही घोषणा जितकी घट्ट रुजली, तितके हे प्रचरण आकुंचित झाले असणे संभवते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. क्रो यांचा निर्देशांक 'संधी' मोजतो, प्रत्यक्ष निवड मोजत नाही. अपत्यसंख्येतील तफावत ही शिक्षण, विवाहाचे वय, शस्त्रक्रियेची सोय, मुलगा हवा असण्याचा हट्ट यांमुळे पडलेली असेल आणि तिच्यामागे आनुवंशिक फरक नसेल, तर संधी कितीही मोठी असली तरी निवड शून्य असते. भारतातील मानवशास्त्राच्या व प्राणिशास्त्राच्या अनेक लघुप्रबंधांत एखाद्या जमातीची पाचपन्नास कुटुंबे घेऊन हा निर्देशांक काढला जातो आणि 'सदर जमातीत नैसर्गिक निवड तीव्रतेने कार्यरत आहे' असा निष्कर्ष लिहिला जातो. माझ्या एम. फिल.च्या लघुप्रबंधातही हे वाक्य आहे. मौखिक परीक्षेत त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मला उत्तर देता आले नसते.

ज्या अभ्यासांनी आनुवंशिकतेची अट काटेकोरपणे तपासली असे अभ्यास थोडे आहेत व ते बहुधा दीर्घ वंशावळी उपलब्ध असलेल्या समाजांतील आहेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ पासून हृदयविकाराच्या अभ्यासासाठी अनेक पिढ्यांच्या वैद्यकीय नोंदी ठेवल्या जात आहेत. त्यांच्या आधारे स्टीफन स्टर्न्स व सहकाऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षानुसार थोड्या ठेंगण्या, किंचित स्थूल, रक्तातील कोलेस्टेरॉल कमी असलेल्या, लवकर प्रथम अपत्य होणाऱ्या व उशिरा रजोनिवृत्ती येणाऱ्या स्त्रियांना अधिक अपत्ये होत होती, आणि हा कल दहा पिढ्या टिकल्यास उंचीत सुमारे दोन सेंटिमीटरची घट अपेक्षित आहे. कॅनडातील इल ओ कुद्र या छोट्या बेटावरील चर्चच्या नोंदींवरून २०११ मध्ये दाखवण्यात आले की, १७९९ ते १९४० या काळात स्त्रियांचे प्रथम प्रसूतीचे वय सुमारे २६ वरून २२ वर आले आणि या बदलाचा काही भाग आनुवंशिक होता. या दोन्ही ठिकाणी निवड जी दिशा दाखवते तिला 'प्रगती' म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ठेंगणे असणे व लवकर माता होणे हे कोणत्याही राष्ट्राचे उद्दिष्ट नाही. निवडीला उद्दिष्ट नसतेच.

'वंश बिघडतो' हा आक्षेप

आता सहकाऱ्यांच्या त्या कडवट वाक्याचा विचार करू. त्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की, दुर्बलता हा व्यक्तीचा स्थायी गुण आहे असे त्यात मानलेले आहे. हिवतापाच्या जंगलात सिकल जनुकाची एक प्रत बाळगणारे मूल 'सबल' होते. हिवताप नसलेल्या गावात तेच मूल इतरांसारखे आहे. जनुक तोच, गाव बदलले. औषध, मच्छरदाणी व आरोग्य उपकेंद्र ही देखील परिस्थितीच आहे, आणि ज्याला चष्म्याने नीट दिसते तो चष्म्याच्या जगात दुर्बल नसतो.

दुसरी चूक गणिताची आहे. हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण व वेळेवर उपचार यांमुळे एसएस रुग्ण जगू लागले, संसार करू लागले, तर जनुकाची घट मंदावेल हे खरे. परंतु किती? वर दाखवल्याप्रमाणे उपचार न करता, प्रत्येक रुग्ण बालपणीच जाऊ दिला तरी प्रमाण निम्मे होण्यास अडीचशे वर्षे लागतात. त्या अडीचशे वर्षांत, वर गृहीत धरलेल्या समूहात आरंभी दर हजारी दहा व शेवटी दर हजारी अडीच बालके मृत्यूच्या स्वाधीन करावी लागतील. एवढी किंमत देऊन हाती येते ते काय, तर वाहकांचे प्रमाण १८ वरून साडेनऊ टक्क्यांवर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत सुप्रजननाच्या नावाखाली सक्तीची निर्बीजीकरणे झाली, तेव्हाही अप्रकट जनुकांबाबतचे हे अंकगणित आनुवंशिकीतज्ज्ञांना ठाऊक होते. ते कायदे करणाऱ्यांनी त्याकडे पाहिले नाही.

कार्ड

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर प्रत्येकास कार्ड मिळते व विवाहापूर्वी दोघांची कार्डे जुळवून पाहावीत असे समुपदेशक सांगतात. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास रुग्ण अपत्य जन्मत नाही.

या सल्ल्याचा जनुकीय परिणाम काय होतो, याकडे माझ्या माहितीतील कार्यशाळांत क्वचितच लक्ष वेधले जाते. समजा सर्व वाहकांनी तो सल्ला काटेकोरपणे पाळला. मग एसएस बालके जन्मणार नाहीत. एसएस बालके नसतील तर सिकल जनुकाविरुद्धची निवडही उरणार नाही, कारण ती निवड त्यांच्याच मृत्यूंतून होत होती. हिवतापही नसल्यामुळे त्याच्या बाजूची निवडही नाही. विचलनामुळे होणारे किरकोळ चढउतार सोडल्यास जनुकाचे प्रमाण जेथे आहे तेथेच, दहा टक्के असेल तर दहा टक्केच, राहील. म्हणजे मानवाने नैसर्गिक निवड खरोखर थांबवली असे जर कोठे म्हणता येत असेल, तर ते येथे, एका जनुकापुरते, आणि तेही जेवढ्या प्रमाणात लोक कार्डे जुळवतील तेवढ्याच प्रमाणात. 'निर्मूलन' या शब्दाने आजाराचे निर्मूलन अभिप्रेत आहे, जनुकाचे नव्हे, हे गावपातळीवर स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. अन्यथा कार्डावरचा शिक्का हा वाहक व्यक्तीवरचा शिक्का ठरतो. मुलीचे कार्ड मागायचे आणि मुलाचे दाखवायचे नाही, असे प्रकार आमच्या विद्यार्थिनी सांगतात. त्यात आनुवंशिकी कोठेच नाही.

२०२३ मध्ये इयत्ता दहावीच्या एन.सी.ई.आर.टी. पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. ज्या वयात शाळेत सिकलसेलची तपासणी होते व मुलांच्या हाती कार्ड येते, साधारण त्याच वयाचा हा अभ्यासक्रम आहे.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी हा सर्व हिशोब कागदावर मांडून दाखवला. तिने दहा पिढ्यांचा आकडा पाहिला, मग ८१०, १८० आणि १० या आकड्यांपाशी थांबली. "म्हणजे हे ज्यांच्याकडे होतं तेच आमच्याकडे तापातून वाचले," ती म्हणाली. मी होय म्हटले. तिने तो कागद घडी घालून कार्डाबरोबर ठेवला आणि आपल्या धाकट्या भावाची तपासणी अजून व्हायची आहे, ती उपकेंद्रात कोणत्या वारी होते, असे विचारले.